पऱ्हाटीतलं इंधन : दोनशे वर्षं अडून राहिलेली गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘असं बघा’ जरा कमी केलेत, बाकी गप्पा त्याच आहेत.

सेलूकडच्या एका श्रोत्याचा निरोप आला होता. ‘दादा, पऱ्हाट्यांपासून पेट्रोल निघतं असं मोबाईलवर फिरतंय. खरं असेल तर आम्ही दर साली बांधावर जाळतोय ते काय, पैसे?’ प्रश्न साधा आहे, पण ह्याचं उत्तर शोधायला लागलो तर मला फ्रान्सपासून सॉलोमन बेटांपर्यंत आणि तिथून परत मनमाडच्या डेपोपर्यंत यावं लागलं. तर आजचा भाग त्यावरच.

आधी उत्तर देऊन टाकतो. हो, निघतं. पेट्रोल नाही, इथेनॉल निघतं, जे पेट्रोलमध्ये मिसळतात. आणि गंमत म्हणजे हे जगाला कळून दोनशे वर्षं झाली. १८१९ साली फ्रान्समधल्या नान्सी गावी आंरी ब्राकोनो नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने लाकडाचा भुसा आणि जुन्या कापडाच्या चिंध्या गंधकाच्या तेजाबात भिजवल्या, मग त्यात पाणी घालून उकळल्या, आणि त्यातून साखर काढून दाखवली. चिंध्यांच्या वजनापेक्षा साखरेचं वजन जास्त भरलं, कारण तुटताना पाण्याचा अंश त्यात जोडला जातो. इकडे पेशवाई बुडून जेमतेम वर्ष झालं होतं आणि परभणी निजामाच्या मुलखात होती. म्हणजे ज्ञान जुनं आहे. मग पऱ्हाटी अजून बांधावर का जळते, हा खरा इतिहासाचा प्रश्न.

एक घोटाळा आधीच दूर करू. ‘लाकडाची दारू’ म्हटलं की जुन्या माणसांना विषारी स्पिरिट आठवतं. ते मिथेनॉल. लाकूड हवाबंद भट्टीत तापवलं की कोळसा बनतो आणि वाफेतून मिथेनॉल मिळतं. कर्नाटकात भद्रावतीच्या लोखंड कारखान्यात असा मोठा प्रकल्प होता. आपण बोलतोय ते इथेनॉल, म्हणजे उसाच्या मळीतून निघतं तेच. त्यासाठी लाकडाची आधी साखर करावी लागते, मग ती आंबवायची.

आता लाकडात साखर कुठून आली? आपल्याकडची कुडाची भिंत आठवा. उभ्या तुराट्या किंवा पऱ्हाट्या, त्या आडव्या कामट्यांना सुतळीने बांधलेल्या, आणि वरून शेणमातीचं लिंपण. झाडाची काडी आतून अगदी तशीच रचलेली असते. उभ्या काड्यांच्या जागी सेल्युलोज. फ्रेंच शास्त्रज्ञ आन्सेल्म पायें ह्याने १८३८ मध्ये ते वेगळं ओळखलं. बांधणीच्या जागी हेमिसेल्युलोज. आणि लिंपणाच्या जागी लिग्निन. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचे कण एकामागे एक ओवलेली लांबच लांब माळ. माळ तोडली की साखर हातात. पण लिंपण असं चिवट की माळेपर्यंत पोचूच देत नाही. कापसाचं बोंड आणि कापसाची काडी एकाच झाडाची, पण बोंडातला कापूस जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, तर काडीत साधारण पाव हिस्सा लिग्निन. तंत्रज्ञांच्या हिशेबात पऱ्हाटी गवतात मोडत नाही, ती टणक लाकडाच्या पंगतीत बसते. चुलीत ती चांगली जळते ती त्यामुळेच.

तेजाबाने माळ तुटते, पण इथे गुऱ्हाळवाल्याची अडचण येते. काहिलीखाली जाळ कमी पडला तर गूळ बसत नाही, जास्त झाला तर करपतो. लाकडाचंही तसंच. तेजाब आणि उष्णता कमी पडली तर माळ तुटत नाही. जास्त झाली तर सुटलेली साखरच पुढे तुटून तिचं फरफ्युरल वगैरे बनतं, आणि ते यीस्टला मारतं. शिवाय तेजाब भांडी खातं. त्यामुळे शंभर वर्षं हा उद्योग प्रयोगशाळेच्या दारात येरझाऱ्या घालत राहिला.

कारखाना म्हणून तो चालला तो अमेरिकेत, १९१० च्या आसपास, साउथ कॅरोलायनातल्या जॉर्जटाऊनला. तिथे लाकूड चिरायची मोठी गिरणी होती आणि शेजारीच तिचा भुसा वापरणारा अल्कोहोलचा कारखाना. ही शेजारची गिरणी लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. पहिल्या महायुद्धानंतर लाकडाचं चिरकाम घटलं, भुसा आटला, मळी स्वस्त होती, कारखाना बंद. मग जर्मनीत हाइनरिश शोलर ह्याने पातळ तेजाबाची सुधारलेली पद्धत काढली आणि १९३० च्या दशकात टोर्नेशला कारखाना निघाला. जर्मनीला तेव्हा परदेशी तेलावर अवलंबून राहायचं नव्हतं, युद्धाची तयारी चालली होती. सोव्हिएत रशियाने तर असे कितीतरी कारखाने काढले आणि दशकानुदशकं चालवले, कारण तिथे नफ्याचा हिशेब कोणी मागत नव्हतं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तेही एकेक करून बंद पडले.

ह्यात एक सूत्र दिसतं का बघा. तेल मिळेनासं झालं की लाकूड आठवतं. तेल आणि मळी स्वस्त झाली की विसरतात.

आपल्याकडेही तेच झालं, जरा वेगळ्या वळणाने. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा हिंदुस्थानात मोटारी लाकडी कोळशाच्या गॅसवर चालवल्या गेल्या. मागे किंवा बाजूला उभी भट्टी, सकाळी ती पेटवून पंख्याने फुंकायची, मग गाडी निघणार. माझ्या आजोबांच्या पिढीला ह्या ‘कोळशाच्या मोटारी’ चांगल्या आठवायच्या. चढ आला की उतारू खाली उतरत, असं ते हसत सांगायचे. म्हणजे लाकडावर मोटार चालवण्याचा प्रयोग आपण केलेला आहे. फक्त त्यात इथेनॉल नव्हतं.

इथेनॉल आलं ते साखर कारखान्यांच्या वाटेने. निजाम राज्यात बोधनला १९३७ साली मोठा साखर कारखाना सुरू झाला. मनमाडहून परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारी जी रेल्वे, तिच्याच पट्ट्यात हे बोधन येतं. तिथल्या मळीतून पॉवर अल्कोहोल काढलं गेलं. मोटारीत घालायच्या अल्कोहोलला तेव्हा हाच शब्द होता. स्वतंत्र भारताने १९४८ मध्ये ‘इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट’ केला, पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्यासाठी. हा कायदा झाला त्या वसंत ऋतूत परभणी भारतात नव्हती बरं का! ती आली १७ सप्टेंबरला. पण त्या कायद्याचंही पुढे फार काही झालं नाही. अल्कोहोल रसायनांच्या कारखान्यांकडे आणि दारूकडे गेलं, पेट्रोल परवडत राहिलं, आणि शेवटी २००० साली कायदाच रद्द केला.

आणि लगेच पुढच्या वर्षी, २००१ मध्ये, सरकारने पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प सुरू केले! जागा कोणत्या? उत्तर प्रदेशात बरेलीकडे एक, आणि महाराष्ट्रात दोन : मिरज आणि मनमाड. मराठवाड्यातले टँकर मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंवरून भरून येतात हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. म्हणजे ही गोष्ट आपल्या दारातच सुरू झाली. २००३ पासून नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण सक्तीचं झालं, मधे दुष्काळात उसाने दगा दिला म्हणून ते रेंगाळलं, मग २०१४ नंतर वेग आला. २०२२ च्या जूनमध्ये १० टक्के आणि २०२५ मध्ये २० टक्के.

पण हे सगळं इथेनॉल उसाचं, आणि अलीकडे मक्याचं व तुकडा तांदळाचं. काडीचं त्यात नावापुरतं. आणि ऊस म्हटलं की मराठवाड्यात पाणी आठवतं. मिरजेचं नाव आपण घेतलं ना आत्ता, त्याच मिरजेहून एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर आमच्याकडे ऊस वाढला तो कसा वाढला आणि कालव्याच्या शेपटाकडच्या गावांना त्यातलं काय मिळालं, हा वेगळा विषय आहे, त्यावर एक भाग करायचाच आहे. इथे एवढंच की पाऊस कमी पडला म्हणून ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका हंगामापुरती बंदी घातली, आणि ज्यांनी कर्ज काढून प्रकल्प उभारले होते ते डोक्याला हात लावून बसले. काडीचं इथेनॉल इथे आकर्षक वाटतं. पऱ्हाटीला वेगळं पाणी लागत नाही. कापसाला जे पडलं त्यातच ती वाढते.

तेजाबाची अडचण सुटली कशी, तो किस्सा मला फार आवडतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्य दक्षिण पॅसिफिकच्या बेटांवर लढत होतं. तिथल्या दमट हवेत सैन्याचे तंबू, पट्टे, कपडे बघता बघता कुजायला लागले. सगळं सुती! कोण खातंय हे शोधायला सैन्याच्या प्रयोगशाळेने हजारो बुरश्या गोळा केल्या. सॉलोमन बेटांपैकी बोगनव्हिल इथल्या कुजक्या सुती कापडावर सापडलेली एक बुरशी सगळ्यांत खादाड निघाली. ती एक विकर सोडते, म्हणजे एन्झाइम, आणि ते सेल्युलोजची माळ कातरीसारखं तोडत जातं. तेजाब नको, फार उष्णता नको. एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स ह्यांनी तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. रीसच्या नावावरून तिला पुढे ट्रायकोडर्मा रीसाय म्हणू लागले. आधी उद्देश होता तिला थांबवायचा. १९७३ ला तेलाचे भाव भडकले तेव्हा त्याच प्रयोगशाळेने उलटा विचार केला : कापूस खाते ना, मग खाऊ द्या, आपण साखर गोळा करू. ट्रायकोडर्मा हे नाव आपल्या शेतकऱ्यांना वेगळ्या कामासाठी माहीत आहे. मर रोगावर हरभऱ्याच्या बियाण्याला चोळतो तो ट्रायकोडर्मा ह्याच कुळातला.

आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, एनसीएलमध्ये, १९८० च्या दशकात पेनिसिलियम जातीच्या बुरश्यांवर ह्याच दिशेने काम झालं. पुढे मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे जुन्या लोकांच्या ‘यूडीसीटी’ने, एक पद्धत बसवली आणि तिचा रोज १० टन काडी घेणारा प्रात्यक्षिक प्रकल्प २०१६ मध्ये उत्तराखंडात काशीपूरला सुरू झाला. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने दौंड तालुक्यातल्या राहू इथे वर्षाला १० लाख लिटरचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला. मे २०१७ मध्ये नितीन गडकरींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. त्यात काय काय चालतं ह्या यादीत भाताचा आणि गव्हाचा पेंढा, उसाचं चिपाड, पाचट, मक्याची कणसं, आणि हो, पऱ्हाटीसुद्धा होती. सेलूच्या दादांच्या मोबाईलवर फिरतंय ते खोटं नाही.

मग मोठा कारखाना कुठे झाला? हरियाणात, पानिपतला. इंडियन ऑइलचा, तंत्रज्ञान प्राजचं. १० ऑगस्ट २०२२ ला पंतप्रधानांनी तो देशाला अर्पण केला. खर्च ९०० कोटींच्या वर. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताचा पेंढा घेऊन ३ कोटी लिटर इथेनॉल काढायचं, असा आराखडा. पानिपतच का, ह्याचं उत्तर धुरात आहे. पंजाब-हरियाणातला पेंढ्याचा धूर दिल्लीवर जातो. आमच्या मानवत-पाथरीचा धूर जास्तीत जास्त शेजारच्या वस्तीवर जातो. त्यावर कुठल्या वाहिनीवर चर्चा होत नाही.

आता पानिपतचा हिशेब आपल्या जिल्ह्याला लावून बघू. २ लाख टनांतून ३ कोटी लिटर, म्हणजे टनाला १५० लिटर. कापसाच्या एका हेक्टरमधून साधारण दोन ते तीन टन पऱ्हाटी मिळते. एकरी एक टन धरा. म्हणजे पानिपतएवढा कारखाना चालवायचा तर दोन लाख एकरांतली प्रत्येक काडी उचलून आणायची. दिवसाला सुमारे साडेपाचशे टन, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. सुट्या पऱ्हाट्यांची ट्रॉली डोंगराएवढी दिसते आणि काट्यावर गेली की हलकी भरते. ट्रॉलीत दोन टन बसले असं मोठ्या मनाने धरलं तरी रोज पावणेतीनशे ट्रॉल्या. जिंतूरच्या डोंगराळ भागातून, पालमच्या कच्च्या रस्त्यांनी. आणि पऱ्हाटी निघते कधी? डिसेंबर ते फेब्रुवारी. तीन महिन्यांत गोळा करून बारा महिने पुरवायची. जॉर्जटाऊनची शेजारची गिरणी आठवली का आता? तिथे भुसा एका जागी आपोआप साठत होता. चिपाडाचंही तसंच आहे, ते साखर कारखान्यात आयतंच पडलेलं असतं. पण म्हणूनच ते आधीपासून बॉयलरमध्ये जळून वीज देतंय. जे एका जागी साठतं त्याला मालक आधीच मिळालेला असतो. जे मोकळं आहे ते विखुरलेलं असतं.

गोळा करण्याचा हा धडा आपल्या शेजारी एकदा शिकून झालाय. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून गोड ज्वारीवर काम केलं, तिच्या ताटाच्या रसापासून इथेनॉल काढलं, त्यावर चालणारे कंदील आणि शेगड्या बनवल्या. नंतर टाटा केमिकल्सने नांदेड जिल्ह्यात गोड ज्वारीपासून इथेनॉलचा कारखाना काढला. इक्रिसॅटचे शास्त्रज्ञ सोबत होते. पण ज्वारीचं ताट तोडलं की त्यातली साखर एक-दोन दिवसांत उतरायला लागते, आणि कापणीचा हंगाम काही आठवड्यांचा. गावोगावचं पीक वेळेत कारखान्यात पोचवणं जिकिरीचं. तो प्रयोग टिकला नाही. पऱ्हाटी निदान नासत तरी नाही, असं तुम्ही म्हणाल.

नासत नाही, पण तिच्यात बोंडअळी राहते. हा मुद्दा इथेनॉलवर भाषणं देणाऱ्यांच्या तोंडून मी फारसा ऐकलेला नाही, आणि माझ्या मते परभणीपुरता तो सगळ्यांत मोठा आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने काय केलं ते कापूसवाल्यांना सांगायला नको. तेव्हापासून आमच्या कृषी विद्यापीठापासून तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यापर्यंत सगळे एकच सांगतात : फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर कापूस संपवा, पऱ्हाट्या उपटा आणि बांधावर रचून ठेवू नका. कारण झाडाला चिकटून राहिलेल्या कवडी बोंडांत अळी सुप्तावस्थेत पडून राहते आणि पुढच्या जूनमध्ये तिचे पतंग होऊन परत शेतात येतात. आता कारखान्याला तर वर्षभराचा साठा हवा. म्हणजे पऱ्हाट्यांच्या गंजी कापसाच्याच पट्ट्यात आठ-दहा महिने उभ्या राहणार. उचलतानाच बारीक तुकडे केले, बोंडं वेगळी काढून नष्ट केली, तर हे जमेल. मग तो खर्च कोणी करायचा ते आधी ठरवावं लागेल. उलटही म्हणता येतं : कारखाना वेळेवर पैसे देऊन जानेवारीत पऱ्हाटी उचलणार असेल, तर फरदडीचा मोह आपोआप कमी होईल. दोन्ही शक्य आहे. कारखाना कोण आणि कसा चालवतो त्यावर आहे.

दुसरी गोष्ट चुलीची. पऱ्हाटीला ‘टाकाऊ’ म्हणणाऱ्याने आमच्या गावच्या वस्तीत जानेवारी महिन्यात यावं. माझ्या लहानपणी रान मोकळं करण्याची बोलीच अशी असायची की उपटून न्या, मजुरी नाही, सरपण तुमचं. चिमट्याने पऱ्हाटी उपटून बाया डोक्यावर भारे आणायच्या, घराच्या मागे गंजी लावायच्या, आणि ती गंजी म्हणजे पावसाळ्यापर्यंतची बेगमी. ज्याला जमीन नाही त्याच्या वाट्याला कापसातलं एवढंच यायचं. उज्ज्वलाचा सिलिंडर २०१६ नंतर घरोघर आला, पण अंघोळीचं पाणी आजही किती घरांत पऱ्हाटीवर तापतं ते सकाळी सहाला गावातून चक्कर मारली की कळतं. उद्या पऱ्हाटीला भाव आला तर तो सातबारावर नाव असलेल्याला मिळेल. भारा उचलणाऱ्या बाईला मिळेल ती फार तर उपटणीची रोजंदारी, आणि ट्रॅक्टरला जोडायचं यंत्र आलं की तीही जाईल. मी ह्या उद्योगाच्या विरोधात नाही. पण ज्या वस्तूवर रिवाजाने हक्क असतो, कागदाने नसतो, ती विकाऊ झाली की कोण बाहेर पडतं, हे गायरानांच्या बाबतीत आपण पाहिलेलं आहे.

तिसरी वाटेकरी जमीन. श्रेडर मारून पऱ्हाटी रानातच गाडा, असा सल्ला आता दिला जातो, कारण आमच्या काळ्या रानांतला सेंद्रिय कर्ब खाली गेलाय. काडी गेली की तिच्यासोबत पालाशही जातं. ते पोत्यातून विकत आणावं लागेल.

आणि पैशाचं म्हणाल तर समजा किलोला २ रुपये भाव मिळाला. एकरी २,००० रुपये. त्यातून उपटणी, तुकडे, भरणी आणि गाडीभाडं वजा करा. ब्रिकेटवाला, म्हणजे पांढरा कोळसा बनवणारा, ह्यालाही तीच काडी हवी असते, आणि त्याचा कारखाना लहान, जवळ, आणि यंत्र साधं. त्याला लिग्निनचा त्रास नाही, उलट ते जितकं जास्त तितका जाळ चांगला. त्यामुळे आजच्या घडीला बांधावर पऱ्हाटी विकत घ्यायला कोणी आलं तर बहुतेक तो ब्रिकेटवाला असतो.

मोठ्या भांडवलाने हा प्रश्न सुटतो असंही नाही. अमेरिकेत आयोवा राज्यात नेवाडा नावाच्या गावी ड्युपाँट कंपनीने ऑक्टोबर २०१५ मध्ये मक्याच्या ताटांपासून इथेनॉल करणारा अवाढव्य कारखाना सुरू केला. वर्षाला ३ कोटी गॅलन, म्हणजे ११ कोटी लिटरच्या वर. दोन वर्षांत बंद झाला. पुढे तो एका जर्मन कंपनीने घेतला आणि त्याच ताटांपासून ती आता गॅस बनवते. कॅन्ससमधल्या ह्युगोटनचा असाच मोठा कारखानाही बंद पडला. तिथे तर मक्याची सपाट शेतं, गासड्या बांधणारी यंत्रं, रुंद रस्ते. आपल्यासारखी दोन-तीन एकरांची तुकडेतोड नाही.

मग आसामचं काय, असं कोणी विचारेल. बरोबर आहे. गोलाघाटला नुमालीगडच्या तेलशुद्धीकरण कारखान्याशेजारी बांबूपासून इथेनॉलचा प्रकल्प झाला, १४ सप्टेंबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं. वर्षाला ५ लाख टन हिरवा बांबू लागणार आहे त्याला. तंत्रज्ञान फिनलंडचं. त्या बातमीनंतर आपल्याकडेही बांबू लावा म्हणून जोर वाढलाय. लातूरचे पाशा पटेल तर आधीपासूनच मराठवाडाभर हेच सांगत फिरतात. बांबूचा एक फायदा खरा : तो पऱ्हाटीसारखा तीन महिन्यांत उरकावा लागत नाही, आणि त्यात बोंडअळी नसते. पण आसामात पडणारा पाऊस आणि आमचा पाऊस ह्यांत फरक आहे, आणि जवळपास घेणारा कारखाना नसताना इथेनॉलच्या भरवशावर एकरच्या एकर बांबू लावणं मला तरी घाईचं वाटतं. बांधावर, ओढ्याकाठी लावा, तो घरी लागतोच.

सेलूच्या दादांना मी फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितो. कोणी कंपनीचा माणूस पऱ्हाट्यांचा करार घेऊन आला तर त्याला पाच गोष्टी विचारा. वजन ओलं धरणार की वाळलेलं, आणि ओलावा मोजणार कोण? काटा गावात की कारखान्यावर? उपटणी आणि तुकडे कोणाच्या खर्चाने? साठा कुठे करणार, आणि त्यातल्या बोंडांचं काय करणार? आणि एका वर्षी त्याने उचललीच नाही तर पेरणीच्या आत रान मोकळं करून देण्याची जबाबदारी कोणाची? दादा म्हणाले, सहावी माझ्याकडून घ्या : आमच्या घरच्या चुलीपुरती ठेवू देणार का? ती मी यादीत घातलीय.

पुढच्या भागात काडीवरून बोंडावर येऊ. परभणीच्या महेबूब बाग फार्मवरचं कापूस संशोधन केंद्र आणि निजामाच्या काळात नाव कमावलेला आपला गावरान कापूस, ह्यावर बोलायचंय. कोणाच्या घरी जिनिंगच्या जुन्या पावत्या किंवा फोटो असतील तर पाठवा.